चावी फिरवली की नुसतं ‘कट्’: बॅटरी नवी, तरी गाडी सुरू होत नाही तेव्हा काय तपासायचं

चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, बॉनेटखालून ‘कट्’ ऐकू येतं आणि इंजिन ढिम्म हलत नाही. शेजारच्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून जंप घेतला की पहिल्या फटक्यात सुरू. चार दिवस सुरळीत जातात आणि एखाद्या सकाळी, नेमकी घाई असताना, पुन्हा ‘कट्’. मग बॅटरी बदलली जाते. थोडे दिवस बरे जातात आणि नव्या बॅटरीवरही तोच आवाज यायला लागतो.

या दुखण्यात बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते, हे खरं आहे. पण ती का उतरली? आणि उतरलेली नसेल तर तिचा करंट सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरपर्यंत, का पोचत नाही? हे दोन प्रश्न न विचारता बॅटरी बदलली तर दुखणं तसंच राहतं, फक्त थोडं पुढे ढकललं जातं. दोन्हींची उत्तरं चार-पाचशे रुपयांच्या साध्या डिजिटल मीटरने पार्किंगमध्येच मिळतात.

हे सगळं १२ व्होल्टच्या नेहमीच्या पेट्रोल, डिझेल, सीएनजी गाड्यांबद्दल आहे. इंजिन ‘खुर्र-खुर्र’ फिरतंय पण पकडत नसेल, तर ते दुखणं वेगळं. तिथे पेट्रोल, स्पार्क, इमोबिलायझर (चोरी टाळणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) यांच्याकडे बघायचं, बॅटरी-सेल्फच्या मागे लागून उपयोग नाही.

सगळ्यात आधी पाण्याचं

गाडी साचलेल्या पाण्यातून नेताना बंद पडली असेल, किंवा पुराच्या पाण्यात उभी होती आणि आता एकच जड ‘ठक्’ येऊन इंजिन अडतंय, तर चावीला पुन्हा हात लावू नका. जंप नको, धक्का तर नकोच. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. त्यातच शेजारचा एखादा सिलिंडर पेटला तर रॉड वाकतो, कधी ब्लॉकही फुटतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत, २०१९ ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ ला चिपळुणात गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी टो करून न्यायची, मेकॅनिक प्लग काढून पाणी बाहेर काढतो आणि मगच सेल्फ मारतो. विमा कंपन्याही साध्या पॉलिसीत इंजिनचं हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

पाण्याचा संबंध नसेल तर पुढे वाचा.

आवाज नीट ऐका

खिडकी उघडी ठेवा, पंखा आणि गाणी बंद करा, दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगून स्वतः बॉनेटजवळ उभे राहा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आवाज कुठून येतो आणि किती वेळा येतो, यावरूनच निम्मं काम होतं.

सेल्फच्या पाठीवर एक छोटं नळकांडं असतं, ते सोलेनॉइड. चावीकडून बारीक वायरने करंट आला की त्याच्या आतला प्लंजर ओढला जातो. तो एका दमात दोन कामं करतो. पुढच्या बाजूला पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक इंजिनच्या मोठ्या चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दात्यांत ढकलतो आणि मागच्या बाजूला तांब्याची चकती दोन जाड कॉन्टॅक्टवर दाबून बॅटरीचा मोठा करंट मोटरला देतो. छोट्या पेट्रोल गाडीत हा करंट साधारण १०० ते १५० अँपिअर असतो, डिझेलला त्याहून बराच जास्त लागतो. आपल्याला ऐकू येणारा ‘कट्’ म्हणजे प्लंजर जागेवर जाऊन आदळल्याचा आवाज. म्हणजे चावी, रिले (चावीच्या छोट्या करंटवर चालणारा स्विच), बारीक वायर इथवरचं सगळं चालू आहे. घोळ त्याच्या पुढे आहे, जिथून मोठा करंट जातो तिथे.

भराभर ‘कट्-कट्-कट्-कट्’ होत असेल तर प्लंजर ओढला जातोय, मोटर करंट मागतेय, व्होल्टेज कोसळतंय आणि प्लंजर सुटतोय. सुटला की व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि चक्र सुरू. याचं कारण उतरलेली बॅटरी किंवा बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेवरचा एखादा खराब जोड. हे दोन्ही आवाजावरून वेगळे ओळखता येत नाहीत, आणि नेमकी इथेच चांगली बॅटरी भंगारात जाते.

एकच दणदणीत ‘ठक्’ आणि मग शांतता, म्हणजे प्लंजर आत जाऊन तिथेच थांबला पण मोटर फिरली नाही. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत, मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे) संपलेत, किंवा पिनियन नाहीतर इंजिनच अडकलंय.

डॅशबोर्डच्या मागून किंवा फ्यूज बॉक्समधून बारीक ‘टिक्’ येतोय आणि सेल्फकडून काहीच नाही, तर तो फक्त रिलेचा आवाज. रिलेच्या पुढे सोलेनॉइडला करंट जात नाही. बारीक वायर सुटली असेल, तिचा सॉकेट गंजला असेल. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात उंदरांनी ती कुरतडलेली असण्याची शक्यताही हसण्यावारी नेऊ नका.

कसलाच आवाज नसेल तर हे लिखाण तुमच्या फारसं उपयोगाचं नाही, तरी एवढं बघा. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्यांत जाड मॅट पेडलखाली सरकलेली असते. ऑटोमॅटिक असेल तर पी ऐवजी एन मध्ये टाकून बघा. बटणाची गाडी असेल तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का ते बघा. ते लागत नसतील तर ब्रेक दाबलाय हेच गाडीला कळत नाही.

आतला दिवा लावून चावी फिरवा

हेडलाइटवरून अंदाज घ्यायची जुनी सवय आहे, पण बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट मुद्दाम बंद होतात. म्हणून छतावरचा दिवा लावा आणि तो बघत चावी फिरवा. दिवा एकदम मंद झाला किंवा विझला तर बॅटरी कमजोर आहे, बॅटरीवरचा जोड ढिला आहे किंवा मोटर अडून भरमसाट करंट खातेय. ‘ठक्’ झाला आणि दिव्यावर काहीच फरक पडला नाही, तर मोटर करंट घेतच नाही. मग बॅटरीला दोष देऊ नका, संशय सेल्फवर किंवा अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतच्या जोडणीवर.

टर्मिनल

बॅटरीचे शिशाचे पोल आणि त्यांच्यावर बसणारी टर्मिनल यांच्यामधली जागा ही या दुखण्यातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. टर्मिनल हाताने पिळून बघा. जरा जरी फिरलं तर ते ढिलं आहे. त्याच मापाच्या बॅटऱ्या बारीक पोलच्या आणि जाड पोलच्या अशा दोन्ही येतात. जाड पोलवरून ताणलेलं टर्मिनल बारीक पोलवर कधीच घट्ट बसत नाही आणि मग दुकानदार मध्ये पत्र्याची पट्टी नाहीतर खिळा ठोकून देतो. तो जुगाड चार दिवस चालतो. नवं टर्मिनल फार महाग नसतं, तेच बसवा.

पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलंच असेल तर पाना तापून चिकटेल अशी ठिणगी उडते. खाण्याचा सोडा टाकलेलं गरम पाणी ओता, भुकटी फसफसून निघते. पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. पोल आणि टर्मिनलची आतली बाजू सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही. वरून टर्मिनल लखलखीत आणि आत पोलला काळा थर, असंही सर्रास सापडतं, त्यामुळे नुसतं बघून सोडू नका, काढून बघा.

मीटर लावल्यावर

मीटर डीसी २० व्होल्टवर. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचा आकडा खरा. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि मग बघा, म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो.

१२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ ला साधारण पाऊण, १२.२ ला अर्धी, १२ ला जेमतेम पाव. सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ व्होल्टचे. म्हणून रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच राहत असेल तर एक सेल मेलाय, त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका. वरच्या छोट्या काचेतला हिरवा ठिपका बघून बॅटरी चांगली असल्याचं प्रमाणपत्र देऊ नका. तो सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

उभ्या बॅटरीचं व्होल्टेज फक्त चार्ज सांगतं, ताकद सांगत नाही. म्हणून दुसरं माप सेल्फ मारताना. मीटरच्या दोन्ही पिना टर्मिनलवर न टेकवता थेट शिशाच्या पोलवर धरा. दुसऱ्याने चावी फिरवली की आकडा दहाच्या वर राहिला तर बॅटरी ठीक. १२.५ वरून एकदम सात-आठवर कोसळला तर बॅटरीत दम नाही. ती आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही कोसळली तर बदला, पण थोडं थांबा, ती का गेली तेही खाली बघायचं आहे. आणि ‘कट्’ होऊनही आकडा बारा-साडेबाराच्या आसपासच राहिला तर बॅटरी निर्दोष आहे. करंट वाटेत अडतोय.

वाट तपासायची ती अशी

हा भाग शांतपणे वाचा, कारण बॅटरी बदलूनही परत येणारा ‘कट्’ बहुधा इथेच सापडतो.

टाकी भरलेली असली तरी पाइप गंजाने अरुंद झाला असेल तर नळाला धार येत नाही. एकच नळ करंगळीएवढा सोडला तर मात्र सगळं ठीक वाटतं. गाडीतही दिवे, हॉर्न, म्युझिक सिस्टिम थोड्या करंटवर मजेत चालतात. १५० अँपिअर मागितले की वाटेतला खराब जोड उघडा पडतो. हिशेब साधा आहे. ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा असला, तरी १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतात. असे दोन जोड असले की तीन व्होल्ट गेले. इतका बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही. वायर दोन टोकांना पकडून मीटरचा बझर वाजवून दाखवणारे आणि ‘वायर ओके आहे’ म्हणणारे यात हमखास फसतात. जाड केबलच्या तीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी बझर वाजतो.

म्हणून वाटेवरचं व्होल्टेज करंट वाहत असताना मोजायचं. मीटर तसाच २० व्होल्टवर. पॉझिटिव्ह बाजूसाठी एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर आणि दुसरी सेल्फवर जाड केबल जिथे बसते त्या बोल्टवर. चावी फिरवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसलं पाहिजे. निगेटिव्ह बाजूसाठी एक पिन निगेटिव्ह पोलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग किंवा तेलकट थर नसलेल्या जागी. इथे ०.२ ते ०.३ च्या वर जायला नको. जास्त दिसलं तर एकेक जोड पुढे सरकत मोजा. पोल ते टर्मिनल, टर्मिनल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो तिथे दोष.

लोक पॉझिटिव्ह बाजू मन लावून बघतात आणि निगेटिव्ह विसरतात. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून ते विजेच्या दृष्टीने वेगळंच. बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनपर्यंत एका केबलने किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीने पोचतो. ती गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला, चिखल उडतो तिथे असते. कोकणात आणि गोव्यात खारी हवा तिला खाते, घाटावर पावसाळी चिखल. गिअरबॉक्सचं काम झालं की ती नीट न आवळता तशीच सोडली जाते, हेही कारण नेहमीचं.

आमच्या सोसायटीतल्या एका आठ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचं हेच झालं होतं. बॅटरी बदलली, महिन्याभरात कट्-कट् परत. वॉरंटीत दुसरी मिळाली, पुन्हा तेच. सगळ्यांचा बॅटरीवर ठाम विश्वास होता, कारण जंप दिला की गाडी लगेच सुरू व्हायची. मीटरवर बॅटरी १२.५. सेल्फ मारताना पोलवर ११.९. इंजिन आणि निगेटिव्ह पोल यांच्यामध्ये मात्र चार व्होल्टच्या वर. पट्टीच्या एका टोकाचा लग (बोल्टखाली बसणारी कडी) गंजून पिठासारखा झाला होता आणि क्लच केबल हाताला गरम लागत होती. मोठी वाट बंद झाल्यावर करंट मिळेल त्या धातूतून परतत होता. जंपवर का सुरू व्हायची? जंप देणारा नियमाप्रमाणे काळा क्लिप बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूला लावायचा. त्यामुळे करंटला गंजलेल्या पट्टीतून जायची गरजच उरत नव्हती. बॅटरी नव्हे, जंप केबल अर्थिंगचं काम करत होती. नवी अर्थिंग पट्टी बसवली, दोन्ही टोकांची बॉडी घासून धातू उघडा केला आणि तेवढ्यावर भागलं.

यातूनच एक सोपी चाचणी मिळते, तिला मीटरही लागत नाही. एकच जंप केबल घ्या. एक टोक स्वतःच्या बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला, दुसरं इंजिनच्या जाड धातूला, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. गाडी लगेच सुरू झाली तर दोषी अर्थिंग. फरक पडला नाही तर पुढे सेल्फकडे वळा.

सेल्फ

बॅटरी भरलेली, दोन्ही वाटा स्वच्छ, तरी एकच ‘ठक्’, तर सेल्फ. गाडी तापलेली असताना अडते आणि थंड झाली की सुरू होते, दहा वेळा चावी फिरवली की अकराव्या वेळी घेते, ही त्याची लक्षणं. कार्बन घासून आखूड झाले की कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. सोलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट दर वेळच्या ठिणगीने थोडे थोडे झिजतात आणि एक दिवस चकती पूर्ण टेकत नाही.

रस्त्यात अडकलात तर व्हीलपान्याच्या दांड्याने सेल्फला हलके ठोके मारा आणि त्याच वेळी दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. कार्बन किंचित सरकतात आणि मोटर घेते. हलके म्हणजे हलकेच. हल्लीच्या बऱ्याच सेल्फमध्ये आत चुंबक चिकटवलेले असतात, जोरात मारलं की ते फुटतात. गाडी न्यूट्रलला, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून हे मुळीच करायचं नाही. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवणारे मेकॅनिक रस्त्यावर भेटतात. त्यांना हात जोडून थांबवा. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्यांच्याच अंगावर येते.

पिनियन दात्यांत अडकल्याचा संशय असेल तर चावी बंद करून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि दोघांनी पुढे-मागे हलवा. अडकलेला दात ‘कट्’ करून सुटतो. इंजिन अजिबातच हलत नसेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) किंवा एसी कॉम्प्रेसर जाम होऊन पट्ट्याने सगळं धरून ठेवलंय का, हे मेकॅनिककडून बघून घ्या.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेल्यावर पूर्ण नवा सेल्फ घ्यायची घाई करू नका. कार्बन, बुश आणि सोलेनॉइड वेगळे मिळतात, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) चांगलं असेल तर तेवढ्यावर काम होतं आणि खर्च कितीतरी कमी येतो. काढलेले जुने भाग मागून घ्या. कार्बन खरंच संपले होते का, ते तुम्हालाही दिसेल.

बॅटरीच पुन्हा पुन्हा उतरत असेल तर

इंजिन चालू ठेवून पोलवर मोजा. हेडलाइट आणि पंखा लावलेला असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावरून निकाल देऊ नका, लोड लावून काही वेळ बघा. १२.५ वर अडकलं असेल तर चार्जिंग नाही. पट्टा ढिला, कार्बन संपलेले किंवा आतले डायोड गेलेले. पंधराच्या वर जात असेल तर ओव्हरचार्जिंग, आणि त्या गाडीत घातलेली प्रत्येक नवी बॅटरी उकळून मरेल.

चार्जिंग बरोबर असेल तर चोरटा करंट शोधा. गाडी बंद असतानाही अलार्म, संगणक, घड्याळ थोडा करंट घेतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. दिवसाला १.२ अँपिअर-तास म्हणजे ३५ अँपिअर-तासांची छोट्या गाडीची बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते, म्हणून गावाला जाताना निगेटिव्ह काढून ठेवणं शहाणपणाचं. पण हाच आकडा ३०० मिलिअँपिअर असेल तर दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी ‘कट्’ करते. नेहमीचे गुन्हेगार म्हणजे बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, कायम सप्लाय दिलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि डिकीतला न विझणारा दिवा.

मोजायला मीटर १० अँपिअरच्या रेंजवर आणि लाल पिन त्याच्या वेगळ्या भोकात. निगेटिव्ह टर्मिनल काढून पोल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. दरवाजे बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा-पाऊण तास हात लावू नका. गाडीचे संगणक झोपायला वेळ घेतात, आधीचा आकडा दिशाभूल करतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो त्या सर्किटवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर अल्टरनेटरचे डायोड तपासून घ्या.

दोष कुठेच नाही आणि तरी बॅटरी अर्धी, असंही होतं. गाडी रोज दोन किलोमीटर जाते, ट्रॅफिकमध्ये पंखा-दिवे लावून उभी राहते. एकदा सेल्फ मारायला फार खर्च होत नाही. १५० अँपिअर तीन सेकंद म्हणजे ०.१२५ अँपिअर-तास. पण आधीच वीस अँपिअर-तासांचा खड्डा पडला असेल तर तो पंधरा मिनिटांच्या फेरीत भरत नाही. ‘जंप देऊन दहा मिनिटं रेस करून ठेव’ हा सल्ला म्हणूनच पोकळ आहे. तीन-चार अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा.

उन्हाचाही वाटा मोठा. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बॅटरी आतून झिजते, पण त्या वेळी ते लक्षात येत नाही, कारण गरम इंजिन सहज फिरतं. डिसेंबरच्या थंड सकाळी तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते आणि उन्हाळ्यातलं नुकसान तेव्हा बाहेर येतं. निफाडच्या थंडीला दोष देण्याआधी बॅटरीचं वय बघा. आपल्याकडे तीन-चार वर्षं ओलांडली की ती कधीही जाऊ शकते.

रस्त्यात अडकल्यावर

जंपचा क्रम पाळा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा क्लिप बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या क्लिपला ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीजवळ नको. लाल-काळं उलटं झालं तर मुख्य फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड, कधी गाडीचा संगणकही जातो. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. एसटी किंवा मोठ्या ट्रकवरून जंप घेऊ नका, त्यांची सिस्टिम २४ व्होल्टची असते. छोटा हत्ती चालतो, तो १२ व्होल्टचा आहे.

जंप देऊनही तोच ‘ठक्’ आला तर बॅटरी सोडा, सेल्फ बघा.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गिअरला. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा आणि गाडीने वेग घेतला की सोडा. इंजिन चालू होईपर्यंत ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतात, म्हणून घाटाच्या उतारावर हा प्रयोग नको. एएमटी आणि ऑटोमॅटिक धक्क्याने सुरू होत नाहीत. डॅशबोर्डही न लागण्याइतकी बॅटरी मेलेली असेल तर मॅन्युअलही होणार नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि संगणकच झोपलेले असतात. पुन्हा पुन्हा धक्के मारले तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन ते खराब करतं. बीएस-६ गाडीत ते बरंच महाग पडतं.

नवी बॅटरी घ्यायचीच झाली तर जुनीवरचा पूर्ण कोड लिहून न्या. ३८बी२०एल आणि ३८बी२०आर आकाराने सारख्या, पण पोलच्या बाजू उलट्या. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम या वारंवार सेल्फ सोसणाऱ्या प्रकारांतलीच हवी, साधी बसवली तर लवकर दमते. वॉरंटी २४+२४ लिहिलेली असेल तर पहिले २४ महिने फुकट बदली आणि पुढचे २४ महिने फक्त वापराप्रमाणे सूट. दुकानात तपासायला नेताना बॅटरी चार्ज करून न्या. उतरलेल्या बॅटरीवर टेस्टर काहीही सांगतो. आणि कार्डावर तारीख व शिक्का दुकानातून निघण्याआधीच घ्या.